लेकराचा जबाब

वकालतीची सनद घेऊन मी लातूरला अण्णासाहेब वकिलांच्या ओसरीवर प्रथम गेलो, तेव्हा ते मार खाल्लेल्या एका मुलीसमोर जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मुलगी गप्प, हेही गप्प. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलू लागली. ती थांबली की हे एवढेच म्हणत, "मग?" मला वाटले, काय हा वेळकाढूपणा!

ती गेल्यावर त्यांनी मला बजावले, "लेकराला तोच सवाल परत टाकायचा न्हाई. शाळेत मास्तर परत विचारतो ते उत्तर चुकल्यावरच. लेकरू लगेच दुसरं उत्तर शोधतं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आम्ही वकील पटाईत!

पुढे मुखेडचा खटला आला. चंद्रा आठ वर्षांची, आईबाप नसलेली. चुलत्याने तिला तापल्या चिमट्याने डागले होते. पोरीला आपल्या ताब्यात द्यावे, असा तिच्या आईच्या वडिलांचा अर्ज होता. अण्णासाहेब तापाने फणफणलेले, म्हणून मी गेलो. मुन्सिफसाहेबांपुढे पोर स्पष्ट बोलली, "काकानं डागलं." तिथेच गप्प बसावे की नाही? पण मला जबाब पक्का करायची हौस! म्हणालो, "नीट आठव. काकानंच ना?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग मान खाली घातली. "न्हाई. मीच चुलीवर पडले."

निजामाच्या कचेरीतल्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, ते उर्दूत उतरवून घेतले. अर्ज फेटाळला गेला. चुलता तिला बखोटीला धरून घेऊन गेला. आजा मला म्हणाला, "वकीलसाब, पोरगी आधी खरंच बोलली होती की हो!"

अण्णासाहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत. अंगात कणकण असताना बैलगाडीने मुखेडला गेले, फेरअर्ज केला, आणि "पोरीचा जबाब कागदावर आहे" एवढे ऐकून परत आले. आज्यापुढे हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय." माझे नाव त्यांनी घेतले नाही. त्याचा मला आजही संताप येतो. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते!

अण्णासाहेबांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीला त्यांच्या यशाच्या गोष्टी हव्या होत्या. त्या इतरांनी लिहिल्या असतीलच; त्या दिवशी कचेरीत माझ्या फजितीवर हसलेले वकीलही त्या लिहिणाऱ्यांत आहेत. अण्णासाहेबांची थोरवी मला मात्र माझ्या नालायकीतूनच कळली, त्याला काय करणार?

चंद्रा अजून त्याच घरात आहे. साठी पूर्ण करणाऱ्या अण्णासाहेबांना परमेश्वराने निरोगी शंभर वर्षे द्यावीत. या मागण्यात भक्ती आहे, पण भीती जास्त आहे. ते थकले, तर ही लेकरं माझ्यापुढे येऊन उभी राहतील.