लग्नाच्या कॅसेटवरचं यान

आम्ही देवासला राहायचो. बाबा कारखान्यात होते, माझ्या मैत्रिणीचे वडीलही तिथेच. नववीत असताना आम्ही दोघींनी टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक सिनेमा पाहिला. त्यात अंतराळयानाच्या कप्तानाचा जिवलग दोस्त परक्या ग्रहावर अडकतो आणि बाकीच्यांना त्याला तिथेच सोडून निघावं लागतं. मैत्रीण दोन दिवस नीट जेवली नाही. "ते त्याला घ्यायला परत जातील बघ," म्हणायची.

दुसरा भाग लागला तोवर तिचे वडील बदली होऊन सहकुटुंब पीथमपूरला गेले होते आणि तिथे तिच्या घरी केबल नव्हती. मी आत्याकडच्या व्हीसीआरवर सिनेमा रेकॉर्डिंगला लावला आणि खोलीबाहेर बसून राहिले. शेवट तिच्यासोबतच बघायचा होता.

पुढच्या रविवारी आत्याकडून कॅसेट घेतली, इंदूरला बस बदलून तिच्याकडे पोचले. तिच्या घरमालकांकडच्या व्हीसीआरसमोर सगळे जमले. हुकूम मोडून ते लोक यान मागे वळवतात, गुहेत त्यांना दोस्त सापडतो, कप्तान हात पुढे करतो... आणि पडद्यावर क्रिकेट. "वा भिया, चौका!" घरमालकांचा मुलगा इंदुरी ढंगात ओरडला. सगळे हसले. मैत्रीण हसली नाही.

ती आमची शेवटची भेट. पुढे तिचे वडील गुजरातेत गेले.

आतेभावाला जाब विचारला. "माहीत होतं तुझी कॅसेट आहे. इंडियाची मॅच होती यार, तुझ्या पिक्चरसाठी सोडू क्या?" आत्या म्हणाली, "एवढ्यातेवढ्यावरून काय चिडतेस?"

मी वाट पाहिली. सात वर्षं.

त्याचं लग्न धारच्या मुलीशी झालं. त्यानंतरच्या वर्षी सगळे नेमावरला नर्मदास्नानाला गेले, किल्ली आमच्याकडे ठेवून. त्याच दुपारी टीव्हीवर तो दुसरा भाग लागणार होता. लग्नाच्या कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मुद्दाम मोडलेली होती, म्हणजे तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये. मी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली, अंतरपाट धरतात तिथपर्यंत कॅसेट पुढे नेली आणि बटण दाबलं. दोस्ताला यानात घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रिकाम्या घरात एकटीने टाळ्या वाजवल्या. इतकं सुख मला परीक्षेच्या कुठल्याच निकालाने दिलं नव्हतं.

दिवाळीत त्याच्या सासरची माणसं आली. त्याने मोठ्या हौसेने कॅसेट लावली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पडद्यावर यान आलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"सॉरी यार, पिक्चर होता," मी म्हणाले.

त्याचा चेहरा बघून माझ्या जिवाला गार वाटलं. तेवढ्यात वहिनीने हळूच विचारलं, "म्हणजे कन्यादानही गेलं?" तिचे वडील त्याच वर्षी चैत्रात वारले होते. ती उठून आत गेली. मला तिच्या मागे जाववलं नाही.

वहिनीची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. "असू दे," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. त्याची मात्र मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.