फरशीखालचा विस्तव

अप्पाकाकांच्या शेवटच्या भेटीत मी त्यांच्या डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. ते बेशुद्ध पडलेत, असा माझा समज झाला होता. ते चांगले शुद्धीवर होते. त्या घटकेला घरात शुद्धीवर नव्हतो तो मीच.

त्यानंतर काही दिवसांनीच चौलहून फोन आला, काका झोपेतच गेले… आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की माझ्या पाण्याने तर काही झालं नसेल ना? पुढे काकूपाशी तसं बोललोही. ती म्हणाली, त्यांचं हृदय थांबलं, सर्दी नव्हती झाली.

काका शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्तीनंतर नारळ-सुपारीची वाडी आणि काकू, एवढाच त्यांचा संसार. काकूला संधिवात. पावसाळ्यात फरशीला ओल सुटली की तिच्या पायांत कळा जायच्या, सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवणं म्हणजे शिक्षा. दोन वर्षांपूर्वी मंजिरी, त्यांची मुलगी, पुण्याहून आली आणि म्हणाली, पुढच्या पावसाळ्यात आईला मी घेऊन जाणार. ती पडली तर बाबा, तुम्ही एकटे काय करणार? तिचं चुकत नव्हतं. काकू सुजलेल्या बोटाला पदर गुंडाळत राहिली. काकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फरशी उखडायला घेतली.

परसात त्यांनी भट्टी बांधली. तिथून माजघराच्या फरशीखाली विटांचे बोगदे नेले, आणि पलीकडच्या भिंतीला धुराडं. भट्टीत जळणार काय, तर वाडीत एरवी कुजत पडतं तेच: नारळाची सोडणं, करवंट्या, सुपारीच्या साली. विस्तव परसात, धूर आभाळात आणि ऊब काकूच्या पायाखाली. सगळ्या आळीने चेष्टा केली. माणसं घामाने निथळतायत आणि सर घर तापवतायत! शेजारचा नारायण कुंपणावरून विचारायचा, "सर, पाव कधीपासून मिळतील?" मीही कमी नव्हतो. मी काकांना लोकरीचा मफलर भेट दिला. त्यांनी तो शांतपणे भट्टीच्या दाराची फट बुजवायला वापरला. फरशी बसवल्यावर त्यांनी भट्टीत मूठभर ऊद टाकला आणि घरभर वास घेत हिंडले. कुठल्या सांध्यातून सुगंध आला की तिथे धूरही येणार, म्हणून तो सांधा पुन्हा लिंपायचा. काकू म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदाच यांनी घरात स्वतःहून ऊद जाळला, तोही देवासाठी नाही.

त्या आषाढात मी मुक्कामाला होतो. पहाटे उठून माजघरात आलो तर काका फरशीवर पालथे, गाल जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेले. मी तांब्या उचलला… पुढचं सांगितलंच आहे.

ते दचकले नाहीत की ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "गाढवा, इथे तिचा पाय पडणार होता."

मग खांद्यावरच्या पंच्याने ती फरशी कोरडी केली आणि पुन्हा गाल टेकवला. एका फरशीवरून दुसरीवर, खाटेपासून देवघरापर्यंत, तिची रोजची वाट. जिथे गार लागेल तिथे घोंगडीची घडी. मी विचारलं, हाताने का नाही बघत? "तळहात निबर झालाय रे, सगळंच त्याला सारखं. गाल खरं सांगतो." आळी हसत होती तेव्हा हा माणूस रोज पहाटे असा घरभर सरपटत होता. मी तांब्या हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

काका गेले आणि भट्टी विझली. फरशीला पुन्हा ओल धरली. तेरावं झालं तशी मंजिरीने आईची बॅग भरायला घेतली. काकू खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, पुन्हा तसाच पदर गुंडाळत. माझ्याने बघवेना. मी जाहीर केलं की भट्टी मी पेटवतो, दर पावसाळ्यात अलिबागहून येऊन पेटवीन. ऐटीत परसात गेलो, सोडणं ठासून भरली आणि काडी लावली. सोडणं ओली होती. धुराड्याला झडप असते, ती भट्टीपाशी लोंबणाऱ्या तारेने उघडायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. परसातून धूर स्वयंपाकघरात शिरला, मंजिरी खोकत अंगणात धावली, नारायण बादली घेऊन आला.

तेवढ्यात काकू आली. भिंत धरून, त्या गार फरशीवरून, मागची पायरी उतरून. भट्टीपुढच्या काकांच्या स्टुलावर बसली. आधी झडप उघडली. माझी सोडणं चिमट्याने बाहेर ओढली, आत कोरडा काथ्या घातला, वर करवंट्या रचल्या आणि फुंकणी लावली. जाळ असा उठला की मी मागे सरकलो.

"यांना तरी कुठे पेटवता येत होती?" ती म्हणाली. "बांधली त्यांनी. शिकवलं मी."

मंजिरी डोळे पुसत दारात उभी होती. धुराने पाणावले असतील, किंवा नसतीलही. तिने विचारलं, "आई, रोज जमेल तुला?"

"आज जमलं. उद्याचं उद्या बघू. बॅग सोड ती." मग फुंकणी माझ्याकडे रोखून म्हणाली, "न्यायचंच असेल कुणाला पुण्याला, तर याला ने. तिथे गिझर आहे. बटण दाबलं की झालं, एवढं जमेल त्याला."