दादाच्या दिव्याचा प्लग

दादाच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी मी त्याच्या फोटोसमोरचा दिवा काढला आणि तिथे माझी सिगारेट चार्जिंगला लावली.

असं एका वाक्यात लिहिलं की मी फारच नीच माणूस वाटतो. घडलं ते साधं होतं. आमच्या जेवणघरातल्या ओट्यावर दादाचा फोटो, त्याला चंदनाचा हार आणि समोर विजेचा छोटा दिवा. आम्ही राहतो त्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावातली घरं लाकडाची. उघडी ज्योत ठेवली की बायकोच्या जिवाला घोर, आणि छतावरचा अलार्म तर उदबत्तीलाही बोंबलतो. म्हणून दिवा विजेचा. भिंतीवरच्या प्लगला जागा दोन. वरच्या जागेत दादाचा दिवा, खालच्या जागेत कॉर्डलेस फोन. पाहुणे येणार होते, माझ्या सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या होत्या, आणि फोन काढला असता तर मुलीने घर डोक्यावर घेतलं असतं. दादा काही बोलणार नव्हता. मी दिवा काढला. जिवंत माणसांना भ्यायचं आणि गेलेल्यांना गृहीत धरायचं, हा माझा जुना स्वभाव.

सिगारेट चार्जिंगला लावतात हे तेव्हा, म्हणजे २००८ साली, कुणाला सांगून पटायचं नाही. ती विजेची सिगारेट होती. दिसायला हुबेहूब खरी. तोंडात धरायच्या तपकिरी टोकात निकोटिनचं पाणी, आणि उरलेली पांढरी कांडी म्हणजे बॅटरी. झुरका घेतला की पुढच्या टोकाला लाल दिवा लागायचा आणि तोंडातून वाफ निघायची. बॅटरी संपत आली की तोच दिवा पटापट डोळे मिचकावायचा आणि मग ढिम्म. चार्जरवर उभी बसवली की टोक लाल. पोट भरलं की हिरवं.

हे खेळणं घरात आलं ते दादामुळेच. माझा हा थोरला भाऊ तिकडे नागपुरात फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. माझी पहिली सिगारेट त्यानेच पेटवून दिली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो, कारण टाकीचा आडोसा दीड माणसापुरताच होता. तो मोठा, म्हणून तो जरा मागे आणि जरा वर. पुढे तीस वर्षं तो तिकडे ओढत राहिला, मी इकडे. शेवटच्या महिन्यांत मात्र डॉक्टरांनी डोळे वटारले आणि त्याने सोडली. फोनवर धाप लागत असतानाही आवाजात केवढी ऐट होती.

"सोडली रे मी. एकदम सोडली. आता तू बोल."

"बघतो," मी म्हणालो.

त्याचं सगळं आटोपून आम्ही परत आलो तेव्हा एअरपोर्टवरून घरी येताना, गाडीत, बायको म्हणाली, "त्या ओट्यावर एकच फोटो मावतो. दुसरा मी लावणार नाही. सांगून ठेवते."

मी शब्द दिला. तो पाळायला उन्हाळा उजाडला, आणि पाळला तोही असा, बॅटरीवर. मॉलमधल्या एका स्टॉलवरच्या बाईने मला कांडी ओढायला दिली आणि मी खोका घेऊनच घरी आलो. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली.

"आग नाही ना?"

"नाही."

"राख?"

"नाही."

"मग ओढा. पण हीसुद्धा सुटायला हवी हं."

आता मी आयुष्यभर मोटारींच्या वायरिंगमध्ये काम केलेला माणूस. एवढीशी बॅटरी आपल्याला काय नाचवणार, असं वाटलं. तिने नाचवलं. खोक्यात दोन बॅटऱ्या होत्या. दिवसाला दीड पाकीट ओढणाऱ्याची तहान त्यांनी भागेना. एक चार्ज होईपर्यंत दुसरी मान टाकायची. मी आणखी मागवल्या. मग कोणती भरलेली आणि कोणती रिकामी हे कळेना, म्हणून मुलीच्या नेलपॉलिशने प्रत्येकीला वेगळा ठिपका लावला. मुलगी म्हणाली, "डॅड, दॅट इज सो ग्रोस," आणि बाटली खोलीत कुलपात ठेवली. ऑफिसला जाताना गाडीत, जिथे पूर्वी लायटर असायचा त्याच भोकात मी चार्जर खुपसायचो. सिगारेट पेटवायचं भोक अखेर सिगारेटच्याच कामी आलं.

थंडी सुरू झाली तशी नवी पंचाईत. गारठ्याने बॅटऱ्या लवकर बसायच्या. गाडीत विसरलेली तर सकाळी मेलेलीच. म्हणून मी त्या शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी धरून फिरू लागलो.

"अंडी उबवताय का?" बायको म्हणाली.

गंमत चालली होती, पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. बॅटऱ्या वाढत होत्या. सोडणाऱ्या माणसाच्या बॅटऱ्या कमी व्हायला हव्यात.

तर वर्षश्राद्धाची संध्याकाळ. जेवायला एक काका-काकू येणार होते. मूळचे नागपूरचे, शेजारच्या वस्तीत मुलाकडे काही महिने राहायला आलेले. ते यायच्या आत बॅटरी भरेल, दिवा परत लावू, असा माझा हिशेब. ते आधीच आले. काकू चपला काढून थेट फोटोसमोर गेल्या, हात जोडले आणि तशाच थांबल्या. दादासमोर पांढरी सिगारेट उभी होती आणि तिचं टोक लाल पेटलेलं होतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही अंगावर घेऊन फिरतो.

"बरं केलंत हो," काकू हळूच म्हणाल्या. "माणसाला जे आवडायचं ते ठेवावं. आम्ही सासऱ्यांना तपकिरीची डबी ठेवतो."

"कोणती ओढायचे?" काकांनी चौकशी केली.

"साधीच. बिनफिल्टरची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि तेवढ्यात टोक हिरवं झालं.

काका एक पाऊल मागे सरले. मुलगी जिन्यातून ओरडली, "इट्स डन!" काकूंनी पुन्हा हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोचली," त्या म्हणाल्या. "पोचली त्यांना."

आमच्याकडे कावळा शिवला की असंच म्हणतात. मिशिगनच्या नोव्हेंबरात कावळा कुठून आणायचा? पाहुणे गेल्यावर बायको मला फाडून खाईल अशी माझी तयारी होती. तिने फक्त दिवा परत लावला, नीट दाबून, आणि भांडी घासायला घेतली. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहिलो तर म्हणाली, "राहू द्या."

त्यानंतर ते सुरू झालं.

त्या दिवसांत मी ऑफिसातून लवकर यायचो. काम आटत चाललं होतं, शुक्रवार आला की कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. बायको शाळेच्या लायब्ररीतून सहापर्यंत यायची, मुलगी व्हायोलिनला. डिसेंबरात पाचलाच काळोख. घरामागच्या लाकडी डेककडे उघडणारं मोठं सरकतं काचेचं दार आहे, त्यासमोर दोन खुर्च्या. मी दिवा न लावता एकीवर बसायचो आणि ओढायचो. बाहेर बर्फ, त्यापलीकडे काळी झाडं, आणि काचेत माझ्या सिगारेटचं लाल टोक.

एके दिवशी काचेत दोन टोकं दिसली.

एक माझं. दुसरं त्याच्या वीतभर मागे, जरा वर. अंधुक. मी झुरका घेतला की तेही पेटायचं. मी थांबलो की तेही विझायचं. मी झटकन मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

कारण मला माहीत आहे. आमच्याकडे खिडक्यांना काच दुहेरी असते, दोन काचांमध्ये हवा. कडक थंडीत ती हवा आक्रसते, काचा किंचित आत दबतात, आणि एका दिव्याची दोन प्रतिबिंबं लांब लांब पडतात. हे मी कुणालाही कागदावर आकृती काढून पटवून दिलं असतं. पण काळोखात खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे कागद नसतो. मागे आणि जरा वर, ही जागा माझ्या ओळखीची होती. टाकीमागची.

मी पुन्हा झुरका घेतला. तोही ओढायला लागला.

मग रोज. खरं सांगायचं तर निकोटिनची तलफ भागल्यावरही मी ओढत बसायचो. मी थांबलो की तो विझायचा, म्हणून थांबवेना. मी त्याच्याशी बोलायचोही. ऑफिसचं काय चाललंय, मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं, असलं काहीबाही. बोलायला तोंडातून कांडी काढली की तो जायचा, म्हणून प्रश्न विचारून लगेच झुरका घ्यायचो, जणू त्याचं उत्तर म्हणून. एक बॅटरी डोळे मिचकावून मेली की खिशातून दुसरी. गॅरेजमधला चार्जर, बेसमेंटमधला चार्जर, गाडीतला चार्जर. मी घरभर लाल दिवे पेरले होते. मुलगी म्हणाली की घर विमानतळासारखं दिसतंय. मला खोकला लागला होता आणि मी तो सर्दीवर ढकलत होतो. ऐकायला तो दादाच्या खोकल्यासारखाच होता, शेवटी बारीक शीळ वाजणारा. शेजारच्या खोलीतून स्वतःचाच खोकला ऐकू आल्यासारखा वाटायचा आणि मी दचकायचो.

बायको कधीतरी ओटा पुसताना दादाचा फोटो बरोबर मध्यभागी सरकवून ठेवायची, बाजूला जागा उरू नये म्हणून.

डिसेंबरच्या शेवटी पाऊस पडता पडता गोठला. झाडं काचेची झाली, कुठेतरी फांदी तारेवर कोसळली आणि दुपारीच वीज गेली. चारपाच तास घर गार होत गेलं. दादाचा दिवा विझलेला. घरातले सगळे लाल ठिपके विझलेले. मुलगी मैत्रिणीकडे अडकली होती. अंधार पडला तेव्हा माझ्याकडे एकच बॅटरी उरली होती, जांभळ्या ठिपक्याची, तीही अर्धीमुर्धी.

मी खुर्चीवर बसून जपून जपून ओढत होतो. तो मागे बसून ओढत होता. आणि मला कळत होतं की ही संपली की तो जाणार. गॅरेजमध्ये पान्यांच्या डब्यात, सगळ्यात खाली, खऱ्या सिगारेटचं एक जुनं पाकीट मी लपवून ठेवलं होतं. बायकोला दिलेल्या शब्दाच्या आधीचं. मी टॉर्च घेऊन गेलो, ते काढलं, खिशात घातलं, स्वयंपाकघरातली काडेपेटी घेतली आणि परत येऊन बसलो. खऱ्या आगीचं प्रतिबिंब बॅटरीपेक्षा ठळक पडेल, असाही विचार मनात आला होता. इथपर्यंत आलो होतो मी.

बायको घोंगडी पांघरून आली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"रोज काय बघता हो तुम्ही इथे?"

"काही नाही. बर्फ."

"द्या बघू ती."

"कोण, तू? अगं, तुला नाही जमायचं."

तिने कांडी माझ्या बोटांतून काढून घेतली आणि पहिल्यांदाच आयुष्यात झुरका घेतला. टोक पेटलं. काचेत एक लाल ठिपका, आणि मागे, जरा वर, दुसरा. तिला ठसका लागला. पण नजर काचेवरून हलली नाही. खोकता खोकताच तिने पुन्हा ओढली. दोन्ही पेटले. हात थोडा हलवून पाहिला, दोन्ही हलले. मला वाटलं आता विचारेल, हे कसं, आणि मी दुहेरी काचेचं सांगेन. तिने विचारलं नाही. तिसऱ्या झुरक्याला बॅटरी संपली. दोन्ही ठिपक्यांनी एकदमच डोळे मिचकावले, खूप वेळा, आणि विझले. काच काळी झाली.

माझा हात खिशात गेला. पाकिटाचा चुरचुर आवाज तिने ऐकला असणार, एवढी शांतता होती. ते पाकीट पुढे कचऱ्याच्या गाडीत गेलं, आणि ठिपक्यांच्या बॅटऱ्याही एकेक करून त्याच वाटेने गेल्या. पण ते नंतर. त्या वेळी मी पाकीट बोटांत धरून बसलो होतो आणि ती मेलेली कांडी हातात घेऊन काळ्या काचेकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात, दूध आणलंत का असं विचारावं तसं ती म्हणाली,

"भाऊजींनी शेवटी सोडली होती ना हो? मग तुम्ही त्यांना परत का लावलीत?"