खळ्यावरचा मूळ फोटो

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आणि स्कॅनर आले. नवऱ्याचा हात डार्करूममध्ये मुरलेला, माऊसला मात्र तो बिचकायचा. म्हणून कोर्स मी केला आणि पडद्यापुढे मी बसू लागले.

चेहऱ्यावरचा डाग पुसता येतो, मागची भिंत बदलता येते, याचं मला इतकं नवल वाटायचं की जेवणाचं भान राहायचं नाही. नवऱ्याची एकच अट होती. स्कॅन केलेला फोटो आधी जसाच्या तसा फ्लॉपीवर ठेवायचा आणि काय कलाकुसर करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

"अहो, कागदाचा फोटो गिऱ्हाईक परत नेतंच की. मग हा खटाटोप कशाला?"

"निगेटिव्हवर कधी कात्री चालवतो का आपण?" एवढंच म्हणून तो आत गेला.

एकदा जवळच्या कोन गावाहून एक बाई आल्या. नवरा नुकताच गेला होता. त्याचा एकच फोटो त्यांच्याकडे होता. खळ्यावर तीन गडी उभे, मधला तो, अंगात बनियन, तोंडभर हसू.

"याला एकट्याला काडा," त्या म्हणाल्या. "आन् सदरा घाला. भिंतीवर लावाचा हाय."

मी बाजूचे दोघे काढून टाकले, पांढरा सदरा चढवला, मागे निळा रंग भरला. बाई समाधानाने गेल्या.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या. पेटीत ठेवलेल्या मूळ फोटोला वाळवी लागली होती.

"भिंतीवरचा आहे ना?" मी विचारलं.

"हाय. पन सदऱ्यात तो पाव्हना वाटतो."

मी फ्लॉपी शोधून काढली. खळं पडद्यावर आलं. मी चित्र मोठं करत गेले. मागे निळा रंग भरताना मी काय काय झाकलं होतं, ते मलाच पाहायचं होतं. पेंढ्याच्या ढिगामागे एक अंधुक बाई दिसली, डोक्यावर भारा घेतलेली.

"ही कोण हो?"

बाई काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या.

"मी हाय ती!" मग म्हणाल्या, "भाचा फोटो काडत व्हता. मला कोनी बोलावलं नाय. मी आपली भारा घेऊन चालली व्हती. आमचा दोघांचा फोटो नाय, असंच मी समजत व्हती."

"तुम्हाला त्यांच्याशेजारी उभं करू?"

त्यांनी होकाराची मान हलवली. या वेळी कुणी न सांगता मी प्रत काढली, मूळ फाइल बाजूला ठेवली आणि त्यांना भाऱ्यासकट उचलून नवऱ्याच्या बाजूला आणलं. पडद्याकडे बघून बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"आमी असं कदी उबंच नाय राह्यलो!"

तरी खळ्यावरचा मूळ आणि हा जोडलेला, असे दोन्ही फोटो त्यांनी मागून घेतले. पुढे बाजारात भेटल्या तेव्हा मी विचारलंच, भिंतीवर कुठला लावलात?

"खळ्यावरचा. सून बोलली, त्यात तुमी दिसत नाय. मी बोलली, मला दिसतंय."