काहूनमावशीच्या बाटल्या

काहूनमावशीला बरोबर आलेलं उत्तर आवडत नसे. थोडं चुकलेलं, कडेला घसरलेलं उत्तर असलं की ती मान डोलावून परीक्षानळ्या धुवायला घेई. पण एखाद्या मुलीच्या वहीत तीन ओळींत तोच आकडा तीनदा दिसला की तिचे डोळे बारीक होत. "तीन डाव एकच आकडा? तुया हात हाय का घड्याळाचा काटा?" मुलगी लाल होई. कारण पहिला आकडा खरोखर मोजलेला असे आणि उरलेले दोन मैत्रिणीशी गप्पा मारता मारता लिहिलेले.

अकोल्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत ती प्रयोगशाळेची मदतनीस होती. शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षरं अडखळत वाचायची, आकडे मात्र पक्के, कारण कपाटातल्या बाटल्यांना नंबर होते आणि ॲसिडची बाटली चुकली तर हात जळतो. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. शिपायापासून तपासायला आलेल्या साहेबापर्यंत सगळ्यांना ती "काहून?", म्हणजे "का?", विचारायची, म्हणून मुलींनी तिला काहूनमावशी करून टाकलं. पुढे मुख्याध्यापिकाही तसंच म्हणू लागल्या.

मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले आणि त्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. त्यानंतर दरवर्षी थोडंथोडं कमी येत गेलं. बी.एस्सी. पहिल्या वर्गात, दोन वेण्या सोडून नुकताच घातलेला अंबाडा, आणि विज्ञान म्हणजे आपण ट्रंकेत भरून आणलेली, शिवून पूर्ण झालेली वस्तू आहे असा ठाम समज. अशा मुलीला आज मी माझ्या घरात उभीही करणार नाही.

मावशीचा जंतूंवर विश्वास नव्हता. "न दिसनाऱ्याची भीती देव दाखवते, आता तुमी बी दाखवा," म्हणायची. मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. डबक्याच्या पाण्याच्या थेंबात वळवळणारं काहीतरी तिने पाहिलं, मान वर केली आणि म्हणाली, "काचेतच काई असन." काच बदलली. "मंग नळीत असन." सूक्ष्मदर्शक बदलला. शेवटी तिने स्वतःच्या घरच्या माठातलं पाणी आणून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गल्लीत पाणी उकळून पिणारं पहिलं घर तिचं. मी मात्र ते जंतू शिकवत होते आणि शाळेच्या नळाचं पाणी तसंच पीत होते.

प्रत्येक वेळी तीच बरोबर असे असं नाही हं. चंद्रावर माणूस गेला हे तिने शेवटपर्यंत मानलं नाही, आणि कुकर म्हणजे घरात ठेवलेला बॉम्ब, असं तिचं मत होतं. पण शेतात फवारायची पांढरी भुकटी माणसाला अपाय करत नाही, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा ती फडकं हातात धरून उभी राहिली. "माशी मरते अन् मानसाले काईच होत नाई? काहून? मानूस काय दगडाचा हाय?" मुली हसल्या, मीही हसले. काही वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती आली, तर त्याच भुकटीपुढे धोक्याची सूचना छापलेली. मी तो धडा शक्य तितक्या घाईने उरकला.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. सासरी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. शाळेत जायला मोकळीक, पण स्वयंपाकघर आणि देवघर बंद. बाहेर मी या प्रथेवर नाक मुरडत असे. आत मात्र मागच्या खोलीत पाय पसरून कादंबऱ्या वाचत असे आणि नणंद आयता चहा आणून देत असे. मला ते चार दिवस फार प्रिय होते. फक्त एवढी शिकलेली बाई हे कसं पाळते, याला काहीतरी शोभेसं कारण हवं होतं. ते मला सासऱ्यांच्या कपाटातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात सापडलं. त्या दिवसांत बाईच्या शरीरातून एक विष बाहेर पडतं आणि तिच्या हातातली फुलं लवकर कोमेजतात, असं त्यात लिहिलेलं. एके काळी काही परदेशी डॉक्टर खरंच तसं मानत. पुस्तक किती जुनं आहे, हे मी पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं.

पालकसभेत मी या विषयावर अर्धा तास बोलले. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होतं, वगैरे. टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी शैलाच्या वडिलांची. ते वकील होते, घर जुन्या वळणाचं. आपल्या घरच्या रिवाजाला इंग्रजी पुस्तकाचा आधार मिळाल्यावर त्यांना किती बरं वाटलं असेल! मावशी मागे भिंतीला टेकून ऐकत होती. सभा संपल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्या अंगात इख हाय म्हन्ता, मंग काल कुंडीतल्या रोपाले हात लावून राह्यल्या होत्या ते?" मी म्हटलं, "मावशी, हे तुला कळायचं नाही." हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

महिन्याभराने शैला प्रयोगशाळेत येऊन रडू लागली. बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी तिच्या त्या दिवसांत येणार होती. लेखी पेपरांना एकवेळ कोपऱ्यात बसू देतील, पण प्रयोगशाळेत इतरांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. प्रात्यक्षिक बुडालं की नापास, आणि नापास झाली की लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. "बाई, बाबा म्हणतात, तुझ्या विज्ञानाच्या बाईच सांगून गेल्या," ती म्हणाली.

मी बाटल्यांची लेबलं सरळ करू लागले. मावशी बोलली. "बाई, त्या पुस्तकवाल्यानं फुलं पायली असतीन. आपन बी पाऊ."

दोन बाटल्या, एकाच नळाचं पाणी, प्रत्येकीत तीन देशी गुलाब. माझेच ते दिवस चालू होते, तेव्हा एका बाटलीतली फुलं मी हाताळली आणि दुसरीतली मावशीने. दुसऱ्या दिवशी मी विजयाने बोट दाखवलं, "बघ, माझी मलूल झाली!" मावशीने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "सारखीच हायेत. तुमाले ठाऊक हाय कोनती तुमची, म्हनून तुमचे डोये तसे पाऊन राह्यले." मग तिने जे केलं, ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्या चार दिवसांतली कोणी ना कोणी रोज असतेच, आणि अडीअडचणीला पिना-कापड मागायला सगळ्या मावशीकडेच येत, त्यामुळे तिला सगळ्यांच्या तारखा पाठ. तिने तसल्या एका मुलीकडून तीन फुलं हाताळून घेतली, तसली नसलेल्या दुसरीकडून तीन, आणि पहिलीच्या बाटलीच्या बुडाला दोरा चिकटवून खूण केली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता तुमी सांगा इखाची कोनती. बूड पाहाचं नाई."

मी नीट निरखून डावीकडची सांगितली. दोरा उजवीकडे निघाला.

दुसऱ्यांदा बाटल्या लागल्या. या वेळी उजवीकडच्या पाकळ्या गळल्या होत्या, मी ती सांगितली, आणि दोरा तिथेच! मी मुलीसारखी टाळी वाजवली, आणि वाजवल्यावर दाराशी उभी असलेली शैला दिसली. मला माझ्या हातांचं काय करावं, कळेना. मावशी म्हणाली, "एक डाव हुकलं, एक डाव जमलं. नाणं फेकलं तरी एवढंच होते. तिसरं लावा."

परीक्षेला चार दिवस उरले होते. तिसऱ्या वेळी मी बाटल्यांकडे पाहिलं तर दोन्हींतली फुलं सारखीच टवटवीत. एक पाकळी गळलेली नाही. मला निवड करताच येईना. "झालं," मी म्हटलं आणि पदर खोचला. आता मला दुसरं उत्तर हवं होतं आणि ते आलं होतं.

संध्याकाळी आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. मावशी सोबत आली, कारण "एकट्या गेल्या त वाटेत मत बदलान." साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "बाई, गेल्या महिन्यात तुम्ही याच्या नेमकं उलट बोललात. तुमचं विज्ञान महिन्याला बदलतं का?"

मावशी दारातूनच म्हणाली, "मांगच्या महिन्यात बाईनं वाचलं होतं साहेब. आता पायलं."

"आणि उद्या आणखी काही वेगळं दिसलं तर?"

"त परवा येऊन सांगू. घर काई दूर नाई तुमचं."

"किती वेळा पाहिलंत?"

"तीन डाव."

"तिन्ही वेळा हेच दिसलं?"

मी मनात देवाचा धावा केला की मावशी आता तरी हो म्हणू दे. ती म्हणाली, "नाई. एक डाव उलटं आलं. फुलं इखाचीच गळली."

"मग?"

"मंग काय? तीनही डाव मनासारखं आलं असतं त म्याच भरोसा ठेवला नसता."

वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "पढवलेला साक्षीदार असं बोलत नाही गं." त्या चहा घेऊन आल्या, कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. आल्यावर डोक्यावरून पाणी घालीन मी." अर्धं शास्त्र साहेबांनी मानलं, उरलेलं त्यांच्या बायकोने न्हाणीघरात नेऊन ठेवलं. शैलाने परीक्षा दिली, पास झाली, आणि लग्नाचं बोलणं तीन वर्षं पुढे गेलं. फार मोठी क्रांती नव्हे. पण तीन वर्षांत तिने कॉलेज पुरं केलं.

माझी मात्र चांगलीच अडचण झाली. गावभर झाल्यावर घरीही सांगणं भाग होतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, लाटणं माझ्या हातात दिलं आणि स्वतः मागच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. मावशीला हे कळल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. "सुट्टी पायजे होती त सुट्टी मांगाची बाई. इखाचं नाव काहून घेतलं?"

आता एक गोष्ट, जी मी वकीलसाहेबांना सांगितली नाही. तिसऱ्या वेळी बाटल्या लावताना एका गुलाबाच्या देठाला किड्याने खाल्लेलं एक पान होतं, जाळी पडलेलं. दुसऱ्या दिवशी त्या सहा फुलांत ते पान कुठेच नव्हतं. मी ते पाहिलं होतं. प्रयोगशाळेची किल्ली मावशीकडेच असे. त्या रात्री तिने फुलं बदलली की पान आपोआप गळालं आणि झाडलोटीत गेलं? मुलींनी एक आकडा जुळवला तरी डोळे वटारणारी बाई!

हा संशय मी कितीतरी वर्षं सांभाळला. मावशी निवृत्त होऊन अकोटला भाच्याकडे राहायला गेली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, असं कळलं म्हणून एसटीने भेटायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात बळ नाही, पण मी आणलेली केळी तिने बोटांनी चाचपून "पिकवलेली दिसतेत पावडरनं" असा निकाल दिला. निघताना मी विचारलंच. "मावशी, तिसऱ्या वेळी ते किडकं पान कुठं गेलं होतं?"

तिने पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. "तुमाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मंग तवाच इचाराले काय झालं होतं, बाई?"

मी केळ्यांची रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये घातली. भाच्याने मला स्टँडवर सोडलं. काही महिन्यांनी ती गेल्याचं कळलं.

आता मी अमरावतीला मुलाकडे असते. परवा माझ्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने, मुक्ताने, फोनवरचा एक व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस त्या दिवसांत लोणच्याला हात का लावू नये, हे लहरी आणि ऊर्जा यांच्या भाषेत समजावत होता. माझं जुनं पुस्तक नवे कपडे घालून आलं होतं. "खोटं आहे ना, आजी?" ती म्हणाली. मी "हो" म्हणणार होते. मग दोन बाटल्या आणि गुलाब मागवले. माझे स्वतःचे ते दिवस केव्हाच सरलेत, म्हणून एका बाजूला मुक्ता, दुसऱ्या बाजूला तिची मैत्रीण. खुणेचा दोरा शेजारीण लावते, रात्री खोलीला कुलूप असतं आणि किल्लीही तिच्याकडेच. पानं मी आधी मोजून घेते.

दोघींच्या तारखा जुळवत पाच वेळा झालं. तीनदा माझा अंदाज हुकला, दोनदा लागला. म्हणजे निकाल अगदी मला हवा होता तसा. म्हणून आज सकाळी सहाव्यांदा बाटल्या लावल्या आहेत.