चॉकलेटी की मोतिया

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नव्हे हं, तेवढी छाती कुणाची? जन्मभर शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवले, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की कापड त्याच्या अंगावर भिरकावलं. घरात तिची गाठ पडली सुनेशी, आणि सूनही काही कमी नव्हती. चहात साखर किती, इथपासून दोघींची जुंपायची. मुलगा आपला मूग गिळून बसायचा.

यंदा भांडण पेटलं ते भिंतींवरून.

"चॉकलेटी भिंतींनी घराची नुसती गुहा झालीय. मोतिया रंग देऊ. उजेड वाटेल, खोली मोठी दिसेल," सून म्हणाली.

"चॉकलेटीच राहील! मोतिया रंग दवाखान्यात असतो. मला खाटेवर निजवायची एवढी घाई झालीय का तुला?"

"बोला, हौस फिटेपर्यंत बोला."

खरं कारण तोफ मेली तरी सांगणार नव्हती. तिला काचबिंदू होता. गेलेली नजर आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं की संपलंच! गॅस बंद, जिना बंद, एकटीने बाजार बंद. गडद भिंतीवर दिव्यांची पांढरी बटणं आणि दारांच्या पांढऱ्या चौकटी तेवढ्या तिला अजून दिसत. त्यांच्याच भरवशावर ती घरभर ताठ मानेने फिरायची. काळ्या कापडावर पांढरा दोरा उठून दिसतो, हे तिला का कुणी शिकवायला हवं होतं?

पण सून हट्टाला पेटली. तोफ बहिणीकडे राहायला गेल्याची संधी साधून तिने रंगाऱ्याला बोलावलं.

तोफ परतली तेव्हा शेवटचा हात अजून ओला होता. रंगारी जेवायला गेलेला, सून दुकानात. तोफेने दार उघडलं. समोर सगळं दुधासारखं. बटण नाही, चौकट नाही, काही नाही. मेलीने दावा साधला, असं पुटपुटत तिने भिंतीला हात लावला आणि चाचपडत निघाली.

सून आली ती ओरडतच. "अहो, ओल्या भिंतीला हात लावलात? सगळी मेहनत मातीत घातलीत की!" आणि मधेच थांबली.

पंज्यांचे ठसे दारापासून ओळीने निघाले होते. बटणांच्या आजूबाजूला नुसती गर्दी, चौकटीपाशी गर्दी, आणि मग थेट न्हाणीघरापर्यंत.

"हो, मुद्दाम केलं!" तोफ कडाडली. "तुझी भिंत नासवायलाच केलं. काय करायचं ते कर!"

सुनेने फडकं ओलं केलं आणि सासूचे रंगलेले तळवे हळूहळू पुसले.

"आई, रंगारी आला की पुन्हा चॉकलेटी द्यायला सांगते. या, हात धरते तुमचा." इतक्या मऊ आवाजात ती या घरात कधी बोलली नव्हती.

तोफ जिंकली होती, आणि तिला रडू फुटलं. तिने हात हिसडून सोडवला.

"असं नको बोलूस गं," ती ओरडली. "भांड माझ्याशी! नेहमीसारखी भांड!"