चाफ्याला घातलेलं पाणी

"त्येला निजू द्या की, भाऊसायेब!" बिनपानांच्या चाफ्यापाशी कुणी हळहळलं, की आक्का असं म्हणायच्या आणि खोडावर पालथा हात टेकवायच्या, आजारी लेकराचा ताप बघावा तसा.

तुमच्याही कचेरीत अशी एखादी बाई असेल. इंदापूरच्या आमच्या कार्यालयात आक्का रोजंदारीवर बाग सांभाळायच्या. दाराजवळचा पांढरा चाफा त्यांनीच फांदी लावून वाढवलेला. थंडीत पानं झडली, की आक्का त्याला थेंबभर पाणी देत नसत. मी नवा कारकून. मला तो निर्दयपणा वाटे. एका हिवाळ्यात, संध्याकाळी आक्का घरी गेल्या, की मी रोज गुपचूप बादलीभर पाणी ओतू लागलो.

पानं फुटायच्या दिवसांत खोड बुडाशी कुजलं. दाबलं की बोट आत जाई.

साहेब भडकले. "पाणी कुणी घातलं?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "माज्याच हातनं झालं, सायेब."

त्यांना कामावरून काढलं. मी गप्प राहिलो. वरच्या चार धड फांद्या कापून त्या घेऊन गेल्या.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. फांद्या सावलीत पडल्या होत्या. चीक सुकल्यावर त्या लावायच्या होत्या.

"आक्का, पाणी मी घालत होतो."

त्यांनी एका फांदीचा चीक बोटानं चाचपून पाहिला. "न्हाय वो. मीच घातलं. वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाय."

सोमवारी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाई स्वतः कबूल झाली. तुम्ही कशाला मध्ये पडता?" तेव्हा क्षणभर मलाच शंका आली. त्याही घालत असतील का?

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. मी घरच्यांना भेटायला गेलो, तर अंगणातला चाफा फुलांनी लगडलेला.

"तुमी इंदापूरचे भाऊसायेब न्हवं?" त्यांच्या सुनेनं विचारलं. "आत्याबाई सांगायच्या, लई मायाळू माणूस. झाडाला चोरून पाणी घालायचा. त्या फाटकाआड हुभ्या राहून बघायच्या."

"मग मला अडवलं का नाही?"

"म्या बी त्येच इचारलं. तर नुसत्या हसायच्या."

निघालो, तर अंगणभर पांढरी फुलं पडलेली. पाय कुठं टाकावा, तेच कळेना.